नानांचं चरित्र, बाईंची पत्रं

पार्श्वभूमी

मी पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशनसंस्थेत संपादक आहे. हे प्रकरण २०२१ ते २०२३ या काळातलं. ओळख पटू नये म्हणून माणसांची आणि गावांची नावं दिलेली नाहीत, काही तपशीलही बदलले आहेत. निर्णय मात्र ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने सांगतो, कारण आमची चूक त्या क्रमातच होती.

चरित्रनायकांना इथे नाना म्हणू. जन्म १९२२चा. तरुणपणी राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत गेलेले. १ मे १९६२ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हाच्या पहिल्याच सभागृहात ते निवडून आले. पुढे दोन वेळा आमदार झाले आणि १९७० ते १९९८ सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष राहिले. २००६मध्ये वारले. जन्मशताब्दीनिमित्त त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानला चरित्र हवं होतं. लेखन एका निवृत्त प्राध्यापकांकडे होतं. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो.

प्रतिष्ठान तीन लाख रुपये देणार होतं, त्यातले दीड लाख आगाऊ आले. कारखाना दोन हजार प्रती घेणार होता. करारात एक ओळ होती: ‘अंतिम मजकूर प्रतिष्ठानच्या संमतीने निश्चित होईल.’ ती मी वाचली होती आणि सही केली होती.

आपल्याकडे पुढाऱ्यावरचं पुस्तक म्हणजे बहुतेक वेळा गौरवग्रंथ असतो. षष्ट्यब्दी, अमृतमहोत्सव, पुण्यतिथी, निमित्त कुठलंही असो. आत सत्काराचे फोटो, मान्यवरांच्या शुभेच्छा आणि पत्नीबद्दल ‘सावलीसारखी साथ दिली’ एवढं एक वाक्य. सरांना तसं पुस्तक करायचं नव्हतं, मलाही नव्हतं. नाना खरोखर मोठे होते. १९७२च्या दुष्काळात कारखान्याचे ट्रक पाण्यासाठी लावणारा माणूस फोटोंच्या अल्बमपेक्षा चांगल्या पुस्तकाला पात्र होता.

प्रश्न कुठे उभा राहिला

नानांच्या स्वीय सहाय्यकांच्या घरी एक पत्र्याची ट्रंक होती. ते वारल्यावर त्यांच्या मुलाने ती सरांच्या हवाली केली. भाषणांची टिपणं, कारखान्याचे जुने वार्षिक अहवाल, आणि तळाशी सुतळीने बांधलेली एकेचाळीस निळी आंतर्देशीय पत्रं. १९६४ ते १९८३ या काळातली, एकाच हस्ताक्षरातली. शेजारच्या तालुक्यातल्या एका शिक्षिकेने नानांना लिहिलेली. त्यांना इथे बाई म्हणू.

नानांचं ‘दुसरं घर’ होतं, हे तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं. त्या घरात एक मुलगी होती, तीही आता साठीला आलेली. बाईंचं वय ८६. लोकांच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट असायची: बाईंची नोकरी आणि त्यांच्या शाळेची जागा, दोन्ही नानांनी अधिकार वापरून मिळवून दिलं. सरांनी पहिल्या खर्ड्यात हे लिहिलं होतं, ‘असे सांगितले जाते’ या आधारावर.

दुसरा प्रश्न नानांच्या दुखण्याचा होता. १९९४नंतर त्यांना माणसं ओळखता येईनात, सभेत तेच वाक्य तीनदा बोलायचे. तरीही पुढची चार वर्षं चौदा हजार सभासदांच्या कारखान्याचे ते कागदोपत्री अध्यक्ष होते. याच काळात कारखान्याने विस्तारासाठी मोठं कर्ज काढलं.

तिसरी गोष्ट धाकट्या मुलाच्या व्यसनाची. ती आम्ही पाच मिनिटांत वगळली. तो हयात आहे, त्याने कधी पद घेतलं नाही, आणि नानांच्या कुठल्याही निर्णयावर तिचा परिणाम दिसत नव्हता.

समोरचे पर्याय

बाईंबद्दल आमच्यापुढे तीन वाटा होत्या. काहीच न लिहिणं. पत्रांसकट सगळं लिहिणं. किंवा नाव न घेता, सार्वजनिक कामाशी संबंध असेल तेवढंच लिहिणं.

काहीच न लिहिणं सरांना मान्य नव्हतं. त्यांचा मुद्दा असा: नाना दरवर्षी सामुदायिक विवाह लावायचे, नवरा-नवरींना संसाराचा उपदेश करायचे. जाहीर बोलणं आणि खासगी वागणं यांत अंतर पडतं तिथे चरित्रकाराला गप्प बसता येत नाही. त्यासाठी त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांचं उदाहरण दिलं. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी १८७३मध्ये पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. ही घरातली गोष्ट, पण तिच्याशिवाय रानड्यांचं चरित्र लिहिताच येत नाही.

तेव्हा मला हा युक्तिवाद पुरेसा वाटला. रानड्यांच्या त्या घरात नेमकं काय घडलं हे मराठी वाचकाला मुख्यतः रमाबाईंमुळे कळलं, त्यांनी स्वतः १९१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींमुळे. ज्या मुलीशी लग्न झालं तिनेच ते सांगितलं. आमच्या प्रकरणात अशी व्यक्ती एका एस.टी.च्या अंतरावर राहत होती, आणि आम्ही तिच्याबद्दल खोलीत बसून वाद घालत होतो. सरांना नाही, मला नाही, हे दोघांपैकी कुणालाच त्या दिवशी सुचलं नाही.

आम्ही आधी कुणाला विचारलं? प्रतिष्ठानला. म्हणजे नानांच्या थोरल्या चिरंजीवांना. ते म्हणाले, “बाईंचं काय ते लिहा, न लिहा. तालुक्याला माहीत आहे. आई गेली २०११ला, आता कुणाला दुखवायचं राहिलं नाही. पण नानांचं दुखणं काढू नका.”

मी ही परवानगी समजलो. बाईंबद्दल लिहायची परवानगी बाईंना न विचारता दुसऱ्या कुणी देऊ शकतं, असं मी त्या दिवशी धरून चाललो. आज त्या बैठकीचं टिपण वाचताना मला याच गोष्टीची सगळ्यांत जास्त लाज वाटते.

वकिलांचं म्हणणं

मजकूर वकिलांना दाखवला. त्यांनी जे सांगितलं ते चरित्र लिहिणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल, म्हणून थोडं सविस्तर देतो.

मृत माणसाचा खासगीपणाचा हक्क वारसांकडे जात नाही. जयललितांच्या आयुष्यावरच्या चित्रपटाविरुद्ध त्यांची भाची न्यायालयात गेली, तेव्हा २०२१मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हेच सांगितलं. म्हणजे ‘नानांचा खासगीपणा’ या नावाखाली कुटुंबाला पुस्तक अडवता येणं कठीण. बदनामीचं कलम मात्र वेगळं. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९च्या पहिल्या स्पष्टीकरणानुसार, मृत व्यक्ती हयात असती तर तिच्या लौकिकाला बाध आला असता असं काही लिहिलं आणि त्यामागे कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याचा हेतू असला, तर तीही बदनामी ठरू शकते. १ जुलै २०२४पासून हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये आलं आहे.

“नाना गेले,” वकील म्हणाले, “पण बाई आहेत. मुलगी आहे. तुमचा प्रश्न त्यांचा आहे.” सर्वोच्च न्यायालयाने १९९४च्या राजगोपाल प्रकरणात लग्न, कुटुंब, मातृत्व, शिक्षण या बाबतीतलं लिखाण संमतीशिवाय छापू नये असं म्हटलं होतं. अपवाद दोन: सार्वजनिक दप्तरात आलेली गोष्ट, आणि सार्वजनिक पदावरच्या माणसाचं पदाशी निगडित वागणं. २०१७मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. बाई पुढारी नव्हत्या. त्यांना हा हक्क पुरेपूर होता.

दप्तरातही काही नव्हतं. आज उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता दाखवावी लागते, पण ते सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३च्या निकालांनंतर. नानांनी शेवटची निवडणूक १९८५मध्ये लढवली होती.

मग त्यांनी पत्रांकडे बोट दाखवलं. कागद कुणाच्याही ट्रंकेत असो, पत्राचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा असतो. हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षं. पत्रं बाईंनी लिहिलेली. त्यांच्या परवानगीशिवाय उतारे छापणं म्हणजे दावा ओढवून घेणं.

म्हणून आम्ही बाईंकडे गेलो. साध्या माणुसकीने जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते आम्ही कॉपीराइट कायद्याच्या भीतीने दहाव्या महिन्यात केलं.

बाईंची भेट

दोन खोल्यांचं घर, बाहेर तुळस, आत भिंतीवर शाळेच्या निरोपसमारंभाचा फोटो. बाईंना ऐकू कमी येत होतं, बाकी सगळं लख्ख होतं. सरांनी पत्रांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सुतळी सोडली नाही. हात फक्त वर ठेवला.

“दहा महिने झाले म्हणता. मग एवढे दिवस कुणाला विचारत होता?”

सरांनी खरं ते सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आत गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद घेऊन आल्या. नेमणुकीचा आदेश. जून १९६१. तेव्हा जिल्हा परिषदच नव्हती, आणि बाईंची शाळा चालवणाऱ्या शिक्षणसंस्थेवर नाना आले १९६४मध्ये. मुख्याध्यापकपद १९७६मध्ये मिळालं ते सेवाज्येष्ठतेने; ज्येष्ठतेच्या यादीची प्रतही पिशवीत होती. एका शिक्षिकेने साठ वर्षं हे कागद जपून ठेवले होते, कारण कधीतरी कुणीतरी विचारेल याची तिला खात्री होती.

शाळेच्या जागेचं आम्ही नंतर तलाठ्याकडे पाहिलं. फेरफाराच्या नोंदीत जागा एका शेतकऱ्याने बक्षीसपत्राने दिलेली निघाली. नानांचा संबंध नव्हता. ही नोंद कुणालाही मिळण्यासारखी होती. सरांनी आणि मी ती आधी पाहिली असती तर खर्ड्यातलं ते वाक्य उतरलंच नसतं.

आता आमची पंचाईत झाली. बाईंबद्दल लिहिण्याचं आमचं सगळ्यांत भक्कम कारण म्हणजे अधिकाराचा गैरवापर, आणि ते खोटं निघालं होतं. उरला तो फक्त एका पुरुषाचा आणि एका बाईचा वीस वर्षांचा संबंध. मी सरांना म्हटलं, आता सोडून देऊ. बाईंनी ते ऐकलं.

“का सोडता? मी नव्हते का? लिहा. पण माझं नाव नको, मुलीचं नको, गावाचं नको. पत्रं छापायची नाहीत. आणि ठेवलेली असं काही लिहायचं नाही. मला कुणी ठेवलेलं नव्हतं. पस्तीस वर्षं माझं घर माझ्या पगारात चाललं.”

मग शब्द शोधायचं काम सुरू झालं, आणि त्याला अख्खी दुपार गेली. ‘दुसरी पत्नी’ लिहावं तर कायदा आड येतो. मुंबई प्रांतात द्विभार्या प्रतिबंधक कायदा १९४६मध्येच झाला होता आणि १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने देशभर दुसरं लग्न रद्दबातल ठरवलं. देवळात हार घातले होते, असं बाई म्हणाल्या. ते छापणं म्हणजे नानांवर गुन्हा लिहिणं, तोही पुराव्याशिवाय. असा विवाह रद्दबातल असला तरी त्यातून झालेलं मूल कायद्याने औरस असतं, पण मुलीचा विषय काढायचाच नव्हता. ‘मैत्रीण’ हा शब्द १९६४च्या त्या गावात खोटा वाटतो. ‘दुसरं घर’ हा तालुक्याचा शब्द. बाईंना तो चालत नव्हता, कारण त्यांच्यासाठी ते पहिलं आणि एकच घर होतं. शेवटी त्यांनीच सांगितलं, “संसार लिहा. वेगळा संसार.” सरांनी वहीत लिहून घेतलं.

माईंची वही

परतीच्या गाडीत सर म्हणाले, “आपण नानांच्या पत्नीबद्दल किती लिहिलंय?” पुण्यात येऊन मोजलं. माईंबद्दल तीन ओळी होत्या. त्यांतली एक सावलीसारख्या साथीची. जिला सगळे झाकू पाहतात त्या बाईंवर आम्ही दहा महिने खर्च केले आणि जिच्याबद्दल लिहायला कुणाचीच हरकत नव्हती तिला विसरलो.

थोरल्या सूनबाईंकडे माईंची एक वही निघाली. रोज जेवणाची किती पानं वाढली याचा हिशेब. १९७२च्या उन्हाळ्यात एका दिवशी १४० पानं. त्या चुलीवर नानांचं राजकारण उभं होतं. खासगी आयुष्य म्हटलं की आपण लपवलेलंच शोधत बसतो, आणि उघड्यावर पडलेले श्रम आपल्याला दिसत नाहीत. माईंवर पुढे नऊ पानं झाली. मला पुस्तकातली तीच सर्वांत आवडतात.

दुखण्याचा निर्णय

कुटुंबाचा खरा विरोध इथे होता, आणि इथे आम्ही मागे हटलो नाही.

सरांकडे कुणीतरी एका रुग्णालयाच्या कागदाची छायाप्रत आणून दिली होती. ती आम्ही वापरली नाही, परत केली. नानांच्या डॉक्टरांनी बोलायला नकार दिला, तो योग्यच होता. रुग्णाचं गुपित डॉक्टरच्या तोंडून फुटू नये. पण कारखान्याची इतिवृत्तं हे काही रुग्णालयाचे कागद नव्हेत. १९९५पासूनच्या सभा प्रत्यक्षात उपाध्यक्ष चालवत होते, हे तीन तत्कालीन संचालकांनी नावानिशी सांगितलं. सह्या कुणी केल्या याबद्दल आमच्याकडे पुरावा नव्हता, म्हणून त्याबद्दल आम्ही एक शब्दही लिहिला नाही. आजाराचं नावही लिहिलं नाही. अध्यक्ष कारभार पाहण्याच्या स्थितीत नव्हते आणि हे सभासदांना सांगितलं गेलं नाही, एवढंच.

फ्रान्सच्या मितराँ यांचं उदाहरण मी प्रतिष्ठानला लिहिलेल्या पत्रात दिलं. १९८१मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्यावर प्रकृतीची माहिती नियमित देण्याचं त्यांनी जाहीर केलं आणि त्याच वर्षी निदान झालेला कर्करोग दहा वर्षांहून जास्त काळ लपवला. जानेवारी १९९६मध्ये ते वारल्यावर दहाच दिवसांत त्यांच्या डॉक्टरच्या पुस्तकावर न्यायालयाने बंदी घातली. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २००४मध्ये सांगितलं, की कुटुंबाचं दुःख ताजं असताना तात्पुरती बंदी समजण्यासारखी होती, पण ती पुढे चालू ठेवणं समर्थनीय नव्हतं. त्याच मितराँच्या अंत्यसंस्काराला त्यांची दोन्ही कुटुंबं उभी होती, विवाहबाह्य नात्यातली मुलगीसुद्धा. फ्रेंच वाचकाला मुलीच्या जन्मापेक्षा आजाराचं लपवणं जास्त महत्त्वाचं वाटायला हवं, आणि आपल्यालाही. नानांना जाऊन सोळा वर्षं झाली होती. कर्ज सभासदांनी फेडलं होतं.

प्रतिष्ठानने कराराच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. पर्याय दोनच होते: दुखण्यावरची चार पानं काढणं किंवा पैसे परत करणं. आमच्यासारख्या संस्थेला दीड लाख म्हणजे दोन पुस्तकांचा कागद. मालक तीन दिवस काही बोलले नाहीत, चौथ्या दिवशी त्यांनी धनादेश लिहिला.

काय झालं

पुस्तक २०२३मध्ये आलं. दोन हजारांऐवजी सातशे प्रती. बाईंवर एक परिच्छेद, अकरा ओळींचा. प्रकाशनाआधी सरांनी तो बाईंना वाचून दाखवला. नोटीस आली नाही. कारखान्याच्या वार्षिक सभेत एका सभासदाने ते चार पानांचं प्रकरण वाचून दाखवायला सुरुवात केली, माईक बंद झाला. चिरंजीवांनी सरांशी बोलणं सोडलं, ते अजून सुरू झालेलं नाही. माईंच्या पानांबद्दल मात्र सूनबाईंनी पत्र लिहिलं.

नाव न देण्याचा उपयोग मर्यादित होता, हेही सांगायला हवं. पुण्या-मुंबईच्या वाचकाला बाई कोण ते कळणार नाही. तालुक्यात पहिल्या आठवड्यातच सगळ्यांनी ओळखलं. ज्यांच्यापासून झाकायचं त्यांच्यापासून काहीच झाकलं गेलं नाही. फरक एवढाच पडला, की नोकरी वशिल्याची होती हे बोलणं आता कुणी छापील पुस्तकाच्या आधाराने करू शकत नाही.

आज वेगळं काय केलं असतं

संमतीची ओळ असलेला करार मी पुन्हा करणार नाही. तथ्यांच्या चुका दाखवण्याचा हक्क कुटुंबाला द्यावा, मजकुरावरचा नाही. हे पहिल्या बैठकीत सांगितलं असतं तर चिरंजीवांना शेवटी फसवलं गेल्यासारखं वाटलं नसतं. त्यांचा तो राग मला समजतो.

ज्या हयात व्यक्तीचं आयुष्य पुस्तकात येणार तिच्याकडे आधी जाईन. कुटुंब, प्रतिष्ठान, वकील सगळे त्यानंतर. ‘असे सांगितले जाते’ हे वाक्य खर्ड्यातसुद्धा उतरू देणार नाही. फेरफार, नेमणूक आदेश, इतिवृत्त यांपैकी काहीतरी आधी मागेन. पत्रांच्या गठ्ठ्याचंही तसंच. तो मिळाला त्याच आठवड्यात बाईंना परत द्यायला हवा होता. ‘ठेवून घ्या’ म्हणून आम्ही तो त्या भेटीत बाईंकडेच सोडला, पण तोवर सरांनी आणि मी तो दोनदा वाचला होता.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ओळख पटू नये म्हणून त्या परिच्छेदात मी बाईंचा उल्लेख ‘एक शिक्षिका’ असा केला. सरांनी वाचून दाखवला तेव्हा त्यांना तो शब्द नीट ऐकू गेला नसावा. पुस्तक हातात आल्यावर त्यांच्या मुलीचा फोन आला. बाईंचा निरोप होता: वीस वर्षं मुख्याध्यापिका होते, शिक्षिका का केलंत? मी कारण सांगितलं. मुलीने ते मोठ्याने बाईंना सांगितलेलं मला फोनवर ऐकू आलं, आणि मागून बाईंचा आवाजही. “पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करा म्हणावं.” तो शब्द घातला तर त्या तालुक्यातल्या मुख्याध्यापिकांची यादी पाच नावांची आहे. दुसऱ्या आवृत्तीचं काम दिवाळीनंतर सुरू होतंय. त्याआधी मी आणि सर पुन्हा जाणार आहोत, त्यांच्यासमोर ती पाच नावं ठेवून विचारायला.